हरवलं की शेवटचा डबा

मित्रांनो, मी एक जुनी आगगाडी आहे. आगगाडी म्हटलं की तुम्ही लगेच बोगदे, पूल आणि लांबच लांब रूळ शोधायला लागाल, म्हणून आधीच सांगते, मी तसली नाही. एक इंजिन, चार डबे, डब्यांना कापडाचं छप्पर आणि सगळा प्रवास एका पार्कभोवती गोल. पार्क म्हणजे पाळणे, घसरगुंड्या, पोटात गोळा आणणाऱ्या राइडा. त्या सगळ्यांच्या मागे, पार्कच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या कुंपणाआड मी उभी आहे. कालच एका माणसाने माझ्या इंजिनावर खडूने मोठी फुली मारली. फुलीचा अर्थ तुम्हाला कळतो, मलाही कळतो. म्हणून जे सांगायचं ते आज सांगून टाकते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझं धुराडं खोटं होतं. पोटात डिझेलचं यंत्र आणि डोक्यावर दिखाऊ धुराडं, हे मी कधी लपवलं नाही. पण घंटा खरी होती. पितळेची, भक्कम, शेवटच्या डब्याच्या टोकाला टांगलेली. साखळी ओढली की ती बिजागरीवर झुलायची. ती ओतणारा कारागीर म्हणाला होता, "हिचा आवाज भिंतीपलीकडे गेला नाही तर माझं नाव बदला." त्याचं नाव कुणाला बदलावं लागलं नाही. माझी घंटा पार्कच्या फाटकापर्यंत ऐकू जायची.

मी अठ्ठावीस वर्षं धावले. धावले म्हणजे काय, दुडक्या चालीने गेले. मला चढउतार नव्हते, उलटसुलट होणं नव्हतं आणि माझ्यातून उतरून कधी कुणी ओकलं नाही. त्या काळी याला मजा म्हणत. हल्ली याला "बोअर" म्हणतात. असो, म्हातारीचं बोलणं लांबतं. मला सांगायचंय ते एका कुटुंबाबद्दल.

ते तिघं पहिल्यांदा आले तेव्हा मुलगी चार वर्षांची होती. तिचे बाबा तिला मुंगी म्हणायचे, कारण ती चालताना मध्येच थांबून समोर येईल त्याच्याशी दोन शब्द बोलायची आणि मग पुढे जायची. बाबा शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. त्यांच्या खिशात कायम लांब चोचीची तेलाची छोटी कुपी असायची, आणि यंत्र दिसलं की गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आई एका शाळेच्या कचेरीत कामाला होती. तिला रांगेत पुढे कसं जायचं ते बरोबर कळायचं.

त्या दिवशी गर्दीत मुंगीचा हात सुटला. आई-बाबांनी अख्खा पार्क पालथा घातला. पिवळ्या फ्रॉकातली मुंगी मात्र शांतपणे माझ्या शेवटच्या डब्यात येऊन बसली होती. घंटा तिला आवडली होती. ती साखळीला लोंबकळत होती आणि घंटा वाजत होती, ठण ठण ठण, एकसारखी. त्या आवाजावर बाबा धावत आले. त्यांनी तिला उचललं आणि तो बाप्या माणूस माझ्या बाकावर बसून हमसून हमसून रडला. मी पुष्कळ रडकी मुलं पाहिली होती, बाप पहिल्यांदा पाहिला.

डोळे पुसून झाल्यावर त्यांनी नियम केला. "आजपासून कुणीही हरवलं तरी इथे यायचं. शेवटचा डबा. बसायचं, घंटा वाजवायची आणि हलायचं नाही. दुसरा येईपर्यंत अजिबात हलायचं नाही. काय?"

"हलायचं नाही," मुंगी म्हणाली.

"आता आईनेही म्हणायचं."

"अहो, मी कशाला हरवतेय?" आई म्हणाली. पण तिलाही म्हणावंच लागलं.

तेव्हापासून ते दर वर्षी यायचे. सुटी लागली की त्यांची सहल ठरलेली. पहिली फेरी माझी. शेवटच्या डब्यात बसून तिघं तो नियम म्हणायचे, मग बाबा खिशातून कुपी काढायचे आणि घंटेच्या बिजागरीत दोन थेंब सोडायचे. "काय म्हातारे, गुडघे काय म्हणतात?" असं मला विचारायचे. खरं सांगते, वर्षभरात माझी अशी विचारपूस करणारा दुसरा माणूस नव्हता. चालक फक्त डिझेल बघायचा.

मुंगी वाढत गेली. पाच, सात, नऊ, अकरा. अकराव्या वर्षी ती माझ्यात बसली तेव्हा तिचे गुडघे पुढच्या बाकाला टेकत होते आणि ती दुसरीकडे तोंड करून बसली होती, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. बाराव्या वर्षी तिने नियम म्हटला तो तोंडातल्या तोंडात. मला राग आला नाही. मुलांनी मोठं होऊ नये असं म्हणणारी मी कोण? माझ्याकडे तर एक वळणसुद्धा नवं नव्हतं.

त्याच पावसाळ्यात माझे रूळ उखडले. पाण्याची नवी घसरगुंडी तिथून जाणार होती. मला स्टेशनातच सोडलं, भोवती पत्रे ठोकले आणि "काम चालू आहे, आत येऊ नये" अशी पाटी लावली. काम कसलं आणि काय! छपराचं कापड फाटून गेलं. नवीन नकाशा छापला, त्यात मी नव्हते. साखळी गंजली, घंटेची बिजागरी जाम झाली आणि मी तिथेच उभी राहिले.

पुढचं थोडं मी पाहिलं आणि थोडं मला मुंगीने नंतर सांगितलं. कधी आणि कसं, तेही येईल ओघात.

मुंगी तेरा वर्षांची झाली. सुटी आली तेव्हा ती घरी म्हणाली, "परत तेच? आई, मी नाही येणार. दहाव्यांदा तोच पार्क, तीच गाडी, तेच सँडविच. माझ्या मैत्रिणी हसतात मला."

आईने क्षणभर विचार केला. तिला तीच सहल हवी होती, आणि का हवी होती हे तिने मुलीला सांगितलं नव्हतं. गेलं वर्षभर बाबा विसरायला लागले होते. आधी स्क्रू कुठे ठेवला ते, मग गिऱ्हाइकाचं नाव, मग एकदा घराची गल्ली. वय अवघं बावन्न. डॉक्टर आईला म्हणाले होते, जे जुनं आहे, ठरलेलं आहे, ते तसंच चालू ठेवा. त्याच्या आधाराने ते अजून उभे आहेत. मुलीला मात्र आई म्हणायची, "बाबा थकलेत गं जरा." परीक्षा आहे, वय लहान आहे, कशाला तिच्या जिवाला घोर, असं तिला वाटलं. आईपणाची चूक म्हणा हवं तर.

आणि आईने मधला मार्ग काढला. "बरं, जायचं तिथेच. पण या वेळी सगळा दिवस तू ठरव. आम्ही तू म्हणशील तसं वागू. मग तर झालं?"

मुंगी खूश झाली. तिने वहीचं पान फाडून बेत लिहिला. आधी उंच राइडा, मग जेवण नव्या ठिकाणी, मग तासभर ती एकटी आणि आई-बाबा वेगळे. भेटायची जागाही नवी ठरवली, मोठं कारंजं. फाटकापाशी तिने दोघांना बजावलं, "हरवलं तर कारंजं. कळलं ना, बाबा? गाडी नाहीये आता. नकाशात बघा, नाहीये."

"कारंजं," बाबा म्हणाले.

"आणि ती कुपी आईच्या पिशवीत द्या. प्लीज. सगळ्यांसमोर तेल घालत बसता तुम्ही."

बाबांनी मुकाट्याने कुपी काढून दिली. त्या पोरीला दोष देऊ नका, मित्रांनो. तिने काही वाईट मागितलं नव्हतं. तिला एक दिवस आपल्या मनासारखा हवा होता, आणि तिला खरं कुणी सांगितलं नव्हतं.

भर दुपारी मुंगी सगळ्यांत उंच राइडच्या रांगेत उभी होती. आईने बाबांना सावलीतल्या बाकावर बसवलं. "मी हात धुऊन आले. इथेच बसा हं." आईला यायला पाच मिनिटं लागली. बाक रिकामा होता, आणि बाबांचा मोबाइल आईच्याच पिशवीत होता.

बाबांनी नक्की काय पाहिलं ते कुणालाच माहीत नाही. पिवळ्या फ्रॉकातली कुणी लहान मुलगी समोरून गेली असेल, असं मुंगी म्हणते. मला एवढंच माहीत आहे की दुपारी एकच्या सुमाराला पत्रा करकरला आणि फटीतून एक ओळखीचा निळा शर्ट आत शिरला. हाताला पत्रा लागून रक्त आलं होतं. ते थेट शेवटच्या डब्याशी आले, बसले आणि साखळी ओढली.

घंटा हलली नाही.

त्यांनी पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी. बिजागरीकडे बघून त्यांना बरोबर कळलं काय झालंय ते. नावं गेली होती, गल्ली गेली होती, पण हातांचं शहाणपण शाबूत होतं. त्यांनी खिसा चाचपला. हा खिसा, तो खिसा, शर्टाचा खिसा. कुपी नव्हती. "असू दे, म्हातारे," ते मला म्हणाले. "मुंगी येईल. तिला माहीत आहे. मी हललो तर ती मला शोधणार कुठे?"

डोक्यावर छप्पर नव्हतं. ऊन असं होतं की माझे बाक हाताला चटके देत होते. ते हलले नाहीत.

दोनच्या सुमाराला लाउडस्पीकरवर घोषणा झाली. निळा शर्ट घातलेले बावन्न वर्षांचे गृहस्थ हरवले आहेत, दिसल्यास कारंज्यापाशी आणावे. बाबांनी मान वर करून ती नीट ऐकली. "बिचारा," ते म्हणाले. "माणसाने एका जागी बसावं. फिरत राहिलं की चुकामूक होते." मित्रांनो, मी लोखंडाची आहे. पण त्या क्षणी मला वाटलं, माझं ते खोटं धुराडं तरी खरं असतं, शिट्टी तरी असती, काहीतरी असतं.

आईला गाडी आठवली नाही असं नाही. तिने चौकशीच्या खिडकीवर विचारलं होतं. तिथला माणूस नकाशावरून वर न बघता म्हणाला, "गाडी? ती केव्हाच काढली हो." आईने त्यावर विश्वास ठेवला. मायलेकी कारंज्यापाशी उभ्या राहिल्या. कारण ठरलं होतं ते कारंजं.

स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या एक मावशी आहेत, भांड्यांच्या खणखणाटात त्यांना बाहेरची घोषणा ऐकू आली नव्हती. खरकटं टाकायला मागे आल्या तेव्हा त्यांनी बाबांना पाहिलं. "अहो दादा, इथे कुठे बसलात? ही गाडी बंद आहे."

"माझी मुलगी हरवलीय. चार वर्षांची. ती इथेच येणार."

मावशींनी त्यांना तांब्याभर पाणी दिलं, आणि दारावरच्या रखवालदाराला सांगितलं. तो म्हणाला, "पोर हरवलेला बाप असा बसून राहतो होय? तुम्ही तुमची भांडी बघा." मावशींपुढे भांड्यांचा ढीग होता. त्यांनी भांडी बघितली.

चार वाजता हात पुसत त्या परत आल्या तर बाबा तसेच. ओठ फुटलेले, हात साखळीवर. मावशी त्यांच्याजवळ वाकल्या. "मुलीचं नाव काय, दादा?" त्यांनी विचारलं. बाबांनी सांगितलं. या खेपेला मावशी रखवालदाराकडे गेल्या नाहीत. पदर खोचला आणि थेट कचेरीत जाऊन उभ्या राहिल्या, घोषणा होईपर्यंत.

"मुंगी नावाची चार वर्षांची मुलगी हरवली आहे. पिवळा फ्रॉक. वडील जुन्या आगगाडीपाशी वाट बघत आहेत."

कारंज्यापाशी एक तेरा वर्षांची मुलगी उभी होती. तिने आपलं नाव ऐकलं, आपलं वय ऐकलं, नऊ वर्षांपूर्वीचं. तिला तिथल्या तिथे सगळं कळलं. आई जे वर्षभर लपवत होती ते एका घोषणेने तिला सांगून टाकलं. ती पळत सुटली.

ती फटीतून आत आली आणि डब्याशी थांबली. "बाबा."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. डोळे लाल झाले होते. ते प्रेमाने हसले आणि बाजूला सरकले. "तूही हरवलीस का, बाळ? ये, बस. घाबरू नकोस. इथे बसलं की शोधायला येतात."

"बाबा, मी मुंगी."

"मुंगी?" ते पुन्हा हसले. "मुंगी एवढीशी आहे गं." त्यांनी हात बाकाच्या उंचीवर धरून दाखवला. "पण तू बस. ती आली की आपण तुझ्या बाबांनाही शोधू."

ती त्यांच्याजवळ बसली. आई आली. दोघींनी हात धरले, विनवण्या केल्या, ओढून पाहिलं. बाबा उठायला तयार होईनात. "मुलगी सापडल्याशिवाय मी हलणार नाही," एवढंच म्हणत राहिले. मग त्यांची मान एका बाजूला कलली आणि आईने किंकाळी फोडली. स्ट्रेचर फटीतून जाईना म्हणून चौघांनी पत्रा उपटला. सकाळी काढून घेतलेली कुपी आईच्या पिशवीत तशीच होती.

त्यानंतर वर्षभर माझ्याकडे कुणी आलं नाही.

आणि आज सकाळी ती आली. चौदा वर्षांची, आईपेक्षा उंच झालेली. आई पत्र्याबाहेर थांबली, तिला आत यायचं धाडस झालं नाही. मुंगीने इंजिनावरची फुली पाहिली. मग शेवटच्या डब्यावर चढली, खिशातून लांब चोचीची कुपी काढली आणि म्हणाली, "काय म्हातारे, गुडघे काय म्हणतात?"

तेल घालता घालता तिने मला सगळं सांगितलं. यंत्राशी बोलायची खोड तिच्यात उतरली आहे. बाबा उन्हाच्या झटक्यातून वाचले, पण दवाखान्यातून आले ते पुरते परतलेच नाहीत. घरात दारासमोरच्या खुर्चीत बसतात. जेवायला उठत नाहीत, झोपायला उठत नाहीत, उचलून न्यावं लागतं. "मुंगी यायची आहे," म्हणतात. मुंगी त्यांना घास भरवते, ते तिला विचारतात, "तुझे बाबा आले का गं न्यायला?"

"तू मला सांगितलं असतंस," ती पत्र्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, "तर मी कारंजं ठरवलं असतं का, आई?"

पत्र्यापलीकडून आई म्हणाली, "नसतं ठरवलंस. चुकलं माझं."

मुंगीने गंज खरवडला, तेल सोडलं, थांबली, पुन्हा सोडलं. बाबांनी केलं असतं तसंच. अर्ध्या तासाने साखळी ओढली तेव्हा बिजागरी कुरकुरली, आणि घंटा वाजली. स्वयंपाकघरातून मावशी धावत बाहेर आल्या.

मुंगीने मोबाइल काढून बाकावर ठेवला, आवाज भरून घ्यायला. घंटा वाजली म्हणजे मुंगी सापडली, हा बाबांचाच नियम. तो आवाज ती त्यांना घरी ऐकवणार आहे. तिने साखळीला लोंबकळून घंटा वाजवली, ठण ठण ठण, एकसारखी. मग ती मोबाइलजवळ वाकली आणि चार वर्षांच्या पोरीसारखा बारीक आवाज काढून बोलायला गेली. जमलं नाही. पुन्हा प्रयत्न केला, आवाज फाटला. तिसऱ्यांदा ती आपल्या आवाजातच बोलली.

"बाबा, मी मुंगी. मी शेवटच्या डब्यात बसलेय. हलत नाहीये. मला न्यायला या."

हे ऐकून बाबा खुर्चीतून उठतील का, मला माहीत नाही. मला कळायच्या आत फुलीवाला माणूस येईल. माझं लोखंड वितळेल, त्याचं मला फारसं दुःख नाही. अठ्ठावीस वर्षं पुष्कळ झाली.

पण मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुम्हाला तीच सहल, तीच गाडी नकोशी होईल. नवं मागा, हक्काने मागा. फक्त जुनी जागा नकाशातून पुसण्याआधी घरातल्या प्रत्येकाजवळ बसा आणि विचारा, उद्या तू हरवलास तर कुठे जाशील? आणि तो जे सांगेल, तिथे एकदा जाऊन बघा. घंटा वाजत नसेल तर दोन थेंब तेल घाला.